ट्रूडामावशी आणि निळं पातेलं

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस एकही नाही, सगळी भाजी आहे.

व्यासपीठाच्या पायऱ्यांवर भोपळे बसलेत, पहिल्या रांगेचा मान मिळालेल्या पाहुण्यांसारखे. त्यांच्यामागं गव्हाची पेंढी, साखरबिटाचे मातीनं माखलेले गड्डे, माना टाकलेली सूर्यफुलं आणि काकडीच्या लोणच्याच्या बरण्या. बरण्यांवर कुणाचं नाव नाही, पण कुठली बरणी कुणाची हे सगळ्या बायांना ठाऊक आहे. खिडकीतून कॅनडातल्या मॅनिटोबाच्या ऑक्टोबरचं पिवळं ऊन तिरपं आत आलंय. मधोमध एकटा माइक. आणि डावीकडं तिसऱ्या बाकाच्या कडेला, मांडीवर काळी पर्स उभी धरून, आपल्या प्रवेशाची वाट बघणाऱ्या मुख्य नटीसारखी शांत बसलेली ट्रूडा लोएवन.

ही ग्नाडेनहोफ गावातल्या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती मंडळीची सुगीची उपकारस्तुती. प्रवचन होतं, गीतं होतात, मग ज्याला देवाचे आभार मानायचे असतील त्यानं माइकपाशी येऊन साक्ष द्यायची. येतात पाच-सहा जण, पण खरा प्रयोग ट्रूडामावशीचा. गावातल्या बाया घरून निघताना ओव्हनमध्ये कोंबडी ठेवत, ती मावशीच्या साक्षीच्या लांबीचा अंदाज घेऊन. एका वर्षी मावशीचा घसा बसला आणि ती उठलीच नाही. त्या वर्षी सगळं गाव कच्ची कोंबडी जेवलं.

आभार मानणं ही ट्रूडाला मिळालेली देणगीच होती. गारपिटीनं उभा गहू झोपला, तेव्हा कापणीची चिंता मिटवल्याबद्दल तिनं देवाचे आभार मानले. पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा ते मूत्रपिंडात नव्हते म्हणून मानले. पुढं मूत्रपिंडातही निघाले, तेव्हा ओळखीचंच दुखणं पाठवल्याबद्दल मानले. तिचा नवरा डीड्रिक कोठाराच्या छपरावरून पडला, तेव्हा नेमकी त्याच्याखाली गवताची गंजी ठेवल्याबद्दल तिनं परमेश्वराची अशी स्तुती केली की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. गंजी आदल्या दिवशी डीड्रिकनंच रचली होती. पण त्याचा उल्लेख झाला नाही.

डीड्रिकलाही त्याचं काही नव्हतं. त्याच्या कानात ऐकायचं यंत्र होतं. बायको माइकपाशी पोचली की तो कान खाजवल्यासारखं करून ते बंद करायचा आणि चेहऱ्यावर असं तेज आणायचा की नवीन माणसाला वाटावं, याला प्रत्यक्ष देवदूत दिसताहेत. बाया त्याच्याकडं बोट दाखवून आपल्या नवऱ्यांना म्हणायच्या, "बघा, बायकोचं कसं ऐकावं!"

आता कुणी म्हणेल, माणसांचे आभार का मानत नव्हती ती? तर ते ग्नाडेनहोफमध्ये कुणीच मानत नव्हतं. माणसाची तोंडावर स्तुती केली की त्याच्या मनात गर्व शिरतो, आणि गर्व शिरला की त्याचा आत्मा धोक्यात. शेजाऱ्याला नरकात ढकलायचं पाप कोण डोक्यावर घेईल? म्हणून स्तुती देवाची, आणि माणसाला फक्त चुका सांगायच्या. अख्ख्या पंगतीला जेवू घातलेल्या बाईला जास्तीत जास्त ऐकू यायचं, "खाता आलं." हे दोन शब्द ऐकले की ती बाई आठवडाभर गुणगुणत हिंडायची.

तसंच घेण्याचं. समोर कॉफी आली की पहिल्यांदा "नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा "नको, खरंच नको" म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तू एवढं म्हणतेस तर" म्हणून कप पुढं करायचा. पहिल्याच विचारण्याला "हो" म्हणणारा माणूस हावरा. एकदा विनिपेगहून आलेला विम्याचा माणूस पोट भरलेलं असल्यामुळं खरोखरच "नको" म्हणत होता. गावानं त्याचा इतका मान राखला की तो पँटचं बटण सैल करून गेला.

आणि तिसरी गोष्ट भांड्याची. कुणाच्या घरून भांडं आलं तर ते रिकामं परत द्यायचं नाही. दोन बटाटे ठेवा, एक बन ठेवा, पण काहीतरी ठेवा. रिकामं भांडं म्हणजे भांडण. एका वीब बाईनं आपल्या सख्ख्या बहिणीला घाईघाईत वाडगा रिकामा पाठवला. त्या दोघींची नातवंडं अजून चर्चमध्ये समोरासमोरच्या बाजूंना बसतात. का, हे त्यांनाही ठाऊक नाही.

या तिन्ही नियमांवर ट्रूडाची हयात आरामात चालली होती. ती अडली एकाच बाईपाशी. युस्टिना हीबर्टपाशी.

युस्टिना म्हणजे रस्त्यापलीकडची शेजारीण. उंच, हडकुळी, आणि बोलण्यात इतकी काटकसरी की शब्दांना जणू दुकानात पैसे पडतात. दोघींची लग्नं एकाच सुमारास झालेली. पहिली काही वर्षं एकमेकींच्या दोरीवरचे कपडे बघून नाक मुरडण्यापलीकडं दोघींचा संबंध नव्हता.

मग एका हिवाळ्यात ट्रूडाचं धाकटं बाळ, लीझे, ताप येऊन गेलं. चार महिन्यांचं होतं. घर माणसांनी भरलं. जो तो शास्त्रातलं एक वचन घेऊन आला. देवानं दिलं, देवानं नेलं. तिकडं ती सुखात आहे. तुला अजून दोन आहेत. ट्रूडा सगळ्यांना मान डोलवत होती. आभार मानायला तिला काहीही सापडत नव्हतं. तिच्या आयुष्यातला तो एकच हिवाळा तसा.

सगळे गेल्यावर युस्टिना गुडघाभर बर्फातून आली. हातात निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं इनॅमलचं मोठं पातेलं, त्यात मनुका भरलेली कोंबडी. तिनं ते चुलीवर ठेवलं आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय." मग खुर्ची ओढून बसली. ना वचन, ना उसासा. संध्याकाळपर्यंत बसली. ट्रूडानं एकदा विचारलं, "घरी स्वयंपाक नाही का?" युस्टिना म्हणाली, "आहे." आणि बसून राहिली.

त्या दिवसापासून ट्रूडाला तिला काहीतरी सांगायचं होतं. पण सांगायची रीत नव्हती. मग तिनं पातेलं घासलं, त्यात बन भरले, मोठ्या बनावर छोटा बन बसवलेले, गावात करतात तसे दुमजली, आणि पाठवून दिलं. पुढच्या शनिवारी पातेलं भरून परत आलं. गाजरं होती. ती रिकामं कसं पाठवणार? तेव्हापासून ते निळं पातेलं रस्ता ओलांडत राहिलं. मुलं मोठी झाली, लग्नं होऊन गेली, युस्टिनाचा नवरा वारला, गावचं धान्याचं कोठार पाडलं गेलं, पातेलं चालू. मध्ये डीड्रिकनं त्याच्या झाकणावर ट्रॅक्टरचं चाक घातलं, तेव्हा ट्रूडानं आपल्या घरचं एक झाकण त्याला बसवलं. म्हणजे पातेलं युस्टिनाचं, झाकण ट्रूडाचं. दोघीही शनिवारची वाट बघायच्या आणि दोघीही म्हणायच्या, "या पातेल्याचा एकदाचा निकाल लागला तर बरं."

निकाल लागायची वेळ आली. युस्टिनाची नजर गेली. चुलीवरची ज्योत दिसेना, एकदा बाही जळाली. पश्चिमेला, ब्रिटिश कोलंबियात, तिची मुलगी एल्फ्रीडा राहत होती. ती म्हणाली, आता पुरे. उपकारस्तुतीच्या रविवारनंतर मंगळवारी सकाळी जावई गाडी घेऊन येणार आणि युस्टिनाला कायमची घेऊन जाणार.

आणि नेमक्या त्याच वर्षी गावाला नवे पाळक आले. कॉनराड टाइख्रोब, वय लहान, दाढी बारीक, शहरात शिकलेले. त्यांनी आदल्या रविवारी जाहीर केलं, "यंदा साक्ष एका मिनिटाची. आणि देवाचे आभार तर आपण रोजच मानतो. यंदा प्रत्येकानं इथं हजर असलेल्या एका माणसाचं नाव घेऊन आभार मानायचे."

चर्चमध्ये अशी शांतता पसरली, जणू पाळकांनी सगळ्यांना कपडे काढायला सांगितलंय.

बाहेर पडल्यावर इस्ब्रांट वीब नावाचा म्हातारा शेतकरी डीड्रिकला म्हणाला, "एकाचं नाव घेतलं तर उरलेले दोनशे रागावणार. आणि ज्याचं घेतलं तो तर आयुष्यात माफ करायचा नाही."

"शहरातलं शिक्षण," डीड्रिक म्हणाला. एवढ्यात सगळं आलं.

ट्रूडा मात्र त्या रात्री अंथरुणात टक्क जागी होती. तिला वाटलं, देवानं ही दाढी खास आपल्यासाठी पाठवली. आता रीत मोडायला पाळकांचीच परवानगी. रविवारी नाव घ्यायचं, लीझेचा हिवाळा सांगायचा, मंगळवारी युस्टिना जाईल ती ऐकून जाईल. नाहीतर मग कधीच नाही.

पण कुणाचं नाव न विचारता घेणं म्हणजे कुणाच्या घरात न ठोठावता शिरणं. शुक्रवारी ती रस्ता ओलांडून गेली. युस्टिना टेबलाशी बसून चमचे कागदात गुंडाळत होती.

"रविवारी मी तुझं नाव घेणार आहे," ट्रूडा म्हणाली.

"कशाला?"

"पाळकांनी सांगितलंय म्हणून."

"नको."

"अगं, एकच मिनिट असतं."

"तुझं मिनिट मला ठाऊक आहे. लोकांच्या कोंबड्यांचा कोळसा होतो. नको म्हणते ना."

तेवढ्यात फोन वाजला. एल्फ्रीडा विचारत होती, आई, हिवाळी कोट किती आणतेस? कोटांची चर्चा चालली, बुटांची चालली. ट्रूडा थोडा वेळ दाराशी उभी राहिली. मग तिनं हात हलवला आणि ती घरी आली. वाटेत तिला जरा हलकंच वाटलं. नको म्हणाली, तर नको. आपण काय जबरदस्ती करायची? माणसाच्या इच्छेचा मान राखणं हीसुद्धा देवाची आज्ञाच. त्या आज्ञेबद्दल तिनं रस्त्यातच देवाचे आभार मानले.

रविवार उजाडला. भोपळे, बरण्या, माइक. प्रयोग सुरू झाला.

पहिला आला इस्ब्रांट वीब. टोपी हातात पिळत म्हणाला, "माझं कापणीचं यंत्र ऐन मोसमात बंद पडलं. एकानं येऊन दुरुस्त केलं. तो इथं बसलाय. त्याला माहीत आहे. आमेन."

"नाव, वीबकाका," पाळक हसून म्हणाले.

"नाव कशाला? त्याला माहीत आहे."

"नाव."

इस्ब्रांटनं घोट गिळला. "याकोब फुंक."

एरवी साखरबिटासारखा पांढुरका असलेला बिचारा याकोब लाल बिटासारखा झाला. जागेवरूनच ओरडला, "काही नव्हतं केलं! जुनाच पार्ट बसवला होता! परत बिघडणार आहे ते!"

मग आल्या विधवा सुझाना फ्रोएस. त्यांनी नवऱ्याचे आभार मानले. पाळक हळूच म्हणाले, "काकू, हजर असलेल्या माणसाचं म्हणालो होतो." सुझानाकाकू म्हणाल्या, "पाळक, मेलेले ख्रिस्तात जिवंत आहेत असं गेल्या रविवारी तुम्हीच सांगितलंत. की ते खरं नव्हतं?" शहरातल्या शिक्षणानं घाईनं पुढच्या माणसाला बोलावलं. पुढच्या तिघांनी धडा घेतला. दोघांनी आपापले मेलेले बाप काढले आणि तिसऱ्यानं खुद्द पाळकांचेच आभार मानले, साक्ष एका मिनिटाची केल्याबद्दल. मंडळीत त्या दिवशी मनापासून आमेन झालं ते एवढंच.

आणि मग ट्रूडामावशी उठली. डीड्रिकनं कान खाजवला.

माइकपाशी जाताना तिनं दुसऱ्या बाजूला पाहिलं. युस्टिना पाचव्या बाकावर बसली होती, प्रवासाच्या नव्या कोटात, मान ताठ. चेहऱ्यावर काही नाही. पण आज ती नेहमीसारखी खिडकीकडं बघत नव्हती. अंधूक डोळे तिनं नेमके माइकवर लावले होते.

ट्रूडाला ते दिसलं. नटाला मध्यावर वाक्य आठवू नये तशी ती क्षणभर उभी राहिली. मग जिभेनं आपली जुनी वाट धरली. हवेबद्दल आभार. पाण्याबद्दल आभार. यंदा टोळ आले नाहीत याबद्दल; मागच्या वेळी आले तेव्हा थोडेच आले याबद्दल. नवा चष्मा, जुने दात. पाळकांनी घड्याळ पाहिलं, मग खोकले, मग उठून तिच्याशेजारीच येऊन उभे राहिले.

"मिनिट झालं, मावशी. नाव?"

ट्रूडानं तोंड उघडलं. तिच्या ओठांवर "यु" आला होता, हे पहिल्या बाकावरच्या दोघीजणी आजही छातीठोकपणे सांगतात. पण ती म्हणाली, "माझा नवरा. डीड्रिक."

सभागृहानं श्वास रोखला. इतक्या वर्षांत या बाईनं मूत्रपिंडातल्या खड्यांचं नाव घेतलं होतं, पण नवऱ्याचं नव्हतं. दोनशे माना डीड्रिककडं वळल्या. डीड्रिक यंत्र बंद करून समोरच्या भोपळ्याकडं बघत दिव्य हसत होता.

पाचव्या बाकावर युस्टिनाच्या पर्सचा खटका वाजला. बाकी काही नाही. फक्त खट्.

उपासनेनंतर खाली तळघरात कॉफी, बन, चीज आणि साखरेचे खडे होते. डीड्रिकला काही कळेना. जो तो येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून जात होता.

"धीर धर रे," याकोब फुंक म्हणाला. "मलाही तेच झालंय."

"काय झालंय?"

"तुझं नाव घेतलं तिनं. माइकवर."

"कुणी?"

"तुझ्या बायकोनं!"

डीड्रिकचा चेहरा पडला. त्यानं कॉफी तशीच ठेवली, गर्दीतून वाट काढत ट्रूडाला गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्टर तुला माझ्याबद्दल काही बोलला का?"

ट्रूडाचं तिकडं लक्ष नव्हतं. ती युस्टिनाला शोधत होती. युस्टिना कॉफीला थांबलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रूडा स्वयंपाकघरात बसली होती. ओट्यावर निळं पातेलं होतं. शनिवारी युस्टिनाकडून भरून आलेलं, आता घासून पुसून पालथं घातलेलं. पाळी ट्रूडाची होती. शेवटची. तिनं मनातल्या मनात कोंबडी भरून पाहिली, बन भरून पाहिले, प्लमचा जाम, काकडीचं लोणचं. काही केल्या पातेलं भरेना. शिवाय काहीही भरून दिलं की हिशेब पुरा. युस्टिना भरलेलं पातेलं घेऊन निघून जाणार, आणि रस्ता ओलांडायचं कारण संपणार.

डीड्रिक आत आला. कालपासून तो जरा जपूनच वागत होता. पायपुसण्यावर बूट दोनदा पुसायचा.

"मला काल तुझं नाव घ्यायचं नव्हतं," ट्रूडा म्हणाली.

"देवाची कृपा!" डीड्रिक मटकन खुर्चीत बसला. "मला वाटलं, मी मरतोय."

"मला तिचं घ्यायचं होतं. पण तिनंच नको म्हटलं."

डीड्रिकनं बन घेतला, वरचं छोटं डोकं मोडून तोंडात टाकलं आणि चघळत विचारलं, "किती वेळा?"

"काय किती वेळा?"

"नको किती वेळा म्हटलं?"

"दोनदा. मग फोन आला."

डीड्रिकचं चघळणं थांबलं. तो बायकोकडं बघत राहिला. गोठ्याचं दार उघडं टाकून आलेल्या पोराकडं बघावं तसं.

"ट्रूडा," तो म्हणाला, "विम्यावाल्याला आपण तीनदा विचारलं होतं."

ट्रूडानं पातेलं उताणं केलं, आत पाहिलं, झाकण ठेवलं. मग टॉवेल घेऊन ते तसंच बांधायला लागली.

"अगं, पण त्यात काही—"

"तू गप बस. आणि उद्या ते यंत्र चालू ठेव."

मंगळवारी सकाळी हीबर्टांच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. निरोप द्यायला, असं सगळे म्हणत होते. खरं तर काल कुणी तरी पाहिलं होतं की ट्रूडाच्या ओव्हनमधून दिवसभर धूर नाही की वास नाही, आणि पातेलं तर तिच्याचकडं. जावयानं सामान चढवलं. युस्टिना पुढच्या सीटवर बसली, दार उघडं, पाय बाहेर. ट्रूडा रस्ता ओलांडून आली, हातात टॉवेलमध्ये बांधलेलं ओझं. मागं डीड्रिक.

"तिसऱ्यांदा विचारते," ट्रूडा म्हणाली.

"आत्ता?" युस्टिना म्हणाली. "शिट्टी झाल्यावर स्टेशनात आलीस."

"आले खरी. रविवारी तुझं नाव घेतलं असतं तर?"

युस्टिना समोर काचेतून बघत होती. काच तिला दिसत होती की नाही, कोण जाणे. "लाज वाटली असती," ती म्हणाली. "मान खाली घातली असती." जावयानं किल्ली फिरवली आणि शहाणपणानं परत बंद केली. "पण ऐकलं असतं."

ट्रूडानं नाक ओढलं. "हे घे."

"नको. गाडीत जागा नाही."

"घे गं."

"नको, खरंच नको. तिकडं एल्फ्रीडाकडं भांडी आहेत."

"युस्टिना, घे म्हणते ना."

"बरं. तू एवढं म्हणतेस तर."

पातेलं मांडीवर आलं. युस्टिनाच्या हातांना लगेच कळलं. तिनं टॉवेल सोडला, झाकण उचललं, आत हात घालून तळ चाचपला. एल्फ्रीडाच्या नवऱ्यानं वाकून पाहिलं. सुझानाकाकूंनी पाहिलं. इस्ब्रांट वीबनं पाहिलं आणि टोपी काढली, प्रेतयात्रेत काढावी तशी. पातेलं रिकामं होतं. ठणठणीत रिकामं.

"रिकामं?" युस्टिना म्हणाली.

यावर ट्रूडा काय म्हणाली, याबद्दल गावात दोन पाठ आहेत.

पहिला खुद्द ट्रूडामावशीचा. पुढच्या वर्षीच्या उपकारस्तुतीला तिनं तो माइकवरून सादर केला. पाळकांनी घड्याळ काढलं, एकदा पाहिलं आणि खिशात ठेवून दिलं; वर्षभरात तेही गावाला सरावले होते. त्या साक्षीत युस्टिना हीबर्टचं नाव इतक्यांदा आलं की मोजणाऱ्यांनी मोजणं सोडलं. लीझेचा हिवाळा आला, गुडघाभर बर्फ आलं, जास्तीचं मीठ आलं. मावशीच्या म्हणण्याप्रमाणे तिनं गाडीपाशी उभं राहून स्तोत्रातल्या दोन ओळी म्हटल्या, आकाशाकडं हात केला, आणि म्हणाली की मैत्रिणी, जगातलं कुठलंही अन्न तुझ्या उपकारांना पुरणार नाही, म्हणून हे पात्र मी रितं देते आहे. बायांनी रुमाल काढले. घरोघरी कोंबड्यांचा कोळसा झाला.

पाचव्या बाकावर, मांडीवर निळं पातेलं घेऊन, युस्टिना मान खाली घालून बसली होती. जावयाला दोन दिवस गाडी हाकायला लावून ती आली होती. पातेल्यात तिकडच्या ब्लूबेरी होत्या, काठोकाठ. साक्ष संपल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "ऐकता आलं."

दुसरा पाठ डीड्रिकचा. तो अंगणात बायकोच्या मागंच उभा होता आणि त्या दिवशी त्याचं यंत्र चालू होतं. पाळकांपासून पोराटोरांपर्यंत सगळ्यांनी त्याला खोदून विचारलं, आणि तो सगळ्यांना तेच सांगतो. स्तोत्र नाही, आकाश नाही, हात तर नाहीच. हात दोन्ही पर्सवर होते. युस्टिनानं "रिकामं?" म्हणून विचारलं आणि पाय आत घेतले. ट्रूडानं गाडीचं दार कोपरानं लोटलं, उघड्या काचेशी वाकली, आणि हळूच म्हणाली,

"मग? भरायची पाळी आता तुझी. आणि लवकर आण, झाकण माझं आहे."